पेपर टाकणं बंद करू का, ताई?

ताई, नमस्कार. मी बत्तीस शिराळ्यात २६ वर्षं पेपर टाकतो. पहाटे साडेचारला एसटी स्टँडवर गठ्ठे उतरवून घेतो, पाच पोरं लाईनवर आहेत. यंदा नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी एका मोठ्या दैनिकात आमच्या गावावर बातमी आली. मथळा होता, 'अंधश्रद्धेचा विळखा सुटेना'. खाली फोटो तोंड शिवलेल्या नागाचा, टोपलीत, शेजारी गारुडी. आमच्याकडं गारुडी नाहीत. कोर्टाच्या आदेशानंतर जिवंत नागाची पूजा बंद झाली, आता आम्ही मूर्ती पूजतो. तरी आम्हीच क्रूर. त्या संध्याकाळी पोरांनी चौकात त्या पेपरचे अंक जाळले. त्यात माझा मुलगा होता, आणि अंक माझ्याच गठ्ठ्यातले. आता नागमंडळ म्हणतंय, हा पेपर शिराळ्यात आणू नकोस, नाहीतर तुझे सगळेच बंद करू. काहीजण पोलिसांत जायचं म्हणतात. खरं सांगतो, मलाही वाटतं की पेपरवाले हिंदूंच्या वाईटावर आहेत. मी एक वहीच केली आहे. गणपतीत डीजे, दिवाळीत धूर, होळीत पाणी, आमच्यात नाग. दुसऱ्यांच्या सणाला मात्र 'उत्साहात साजरा'. दंगल झाली की 'दोन गटांत हाणामारी'. कुठले दोन गट ते लिहायला पेन मोडतं का? बातमी पाठवणारा वार्ताहर आमच्याच आळीतला, त्याच्याशी मी बोलणं सोडलंय. पेपर बंद करू का? आणि मला वाटतं ते खरं की माझं डोकं फिरलंय?
— एक पेपरवाला, शिराळा

भाऊ, राम राम.

आधी पैशाचं बोलू. जाळलेल्या अंकांचे पैसे मुलाकडून घ्या. महिन्याच्या बिलात ते अंक तुमच्या नावावर लागणारच, कारण न खपलेल्या अंकांच्या परतीत द्यायला तुमच्याकडं नुसती राख आहे. त्याचा राग मला समजतो. पण पेपरचा निषेध बापाच्या कमिशनमधून करायचा नसतो, एवढं त्याला कळू दे.

आता बातमीचं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमची सगळी चीड मथळ्यावर आहे, फोटोचं तुम्ही जाता जाता सांगून टाकलंय. माझ्या मते तिथंच गफलत होतेय. 'अंधश्रद्धेचा विळखा' हे त्या पेपरचं मत झालं. उद्धट आहे, झोंबणारं आहे, पण मत आहे. ते खोटं कसं ठरवणार? तुम्ही श्रद्धा म्हणाल, तो अंधश्रद्धा म्हणेल, आणि हे भांडण महाराष्ट्रात आपल्या पणज्यापासून चालू आहे. फोटोचं तसं नाही. शिराळ्याची जुनी रीत मला माहीत आहे. नागमंडळाची पोरं रानात जाऊन नाग धरायची, मडक्यात जपून ठेवायची, पंचमीला बायका भाऊ मानून त्याला ओवाळायच्या, अंबामातेच्या देवळाकडं मिरवणूक जायची, आणि सण झाला की ज्या शिवारातनं आणला त्याच शिवारात सोडायचा. ते बरोबर होतं की नाही, हा निराळा वाद. १९७२ चा वन्यजीव कायदा त्या रिवाजालाही लागू होता आणि उच्च न्यायालयानं तो लागू केला. पण दात पाडून, तोंड शिवून नाग दारोदार फिरवायचा हा धंदा वेगळा. त्याचा फोटो शिराळ्याच्या नावाखाली छापला असेल तर ती चूक आहे, बोट ठेवून दाखवता येईल अशी. मथळ्यावर संपादक तुमच्याशी तासभर हुज्जत घालेल. फोटोपुढं त्याला बोलता येणार नाही.

मी हे शहाणपण म्हणून सांगत नाही, हात पोळलेत म्हणून सांगते. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा. मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर होते. वाईहून फोन यायला लागले, मांढरदेवीला चेंगराचेंगरी झाली म्हणून. आकडा तासातासाला चढत होता, शेवटी तीनशेच्या आसपास जाऊन थांबला. रात्री पान सोडायची वेळ आली, वरून मथळा मागताहेत, आणि मी लिहिलं, 'अंधश्रद्धेचे बळी'. आठ कॉलमांत काय छान बसला! तोवर त्या डोंगरावर मी एकदाही पाय ठेवला नव्हता. पुढं कळत गेलं की देवळाकडची वाट अरुंद, दोन्ही अंगांनी दुकानं, नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, त्यात दुकानांना आग लागून सिलिंडर फुटले. सरकारनं न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला, तो गर्दीच्या बंदोबस्ताची चौकशी करायला. काळूबाईवर कुणाची किती श्रद्धा आहे ते मोजायला नाही. २०१७ साली मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. तेव्हा आम्ही सगळ्यांनी पुलाची रुंदी विचारली. पौर्णिमेला डोंगर चढणाऱ्या बाईच्या वाटेची रुंदी मला त्या रात्री विचारावीशी वाटली नाही.

आठ-दहा दिवसांनी एक गृहस्थ ऑफिसात आले. हातात आमचाच अंक, चार घड्या घालून. त्यांची बहीण गेली होती. ओरडले नाहीत, काही नाही. घडी उलगडून मथळ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" मी म्हणाले, डेस्कवरून जातं ते. त्यांनी माझ्या समोरच्या टेबलाकडं पाहिलं. म्हणाले, "टेबल लिहितं होय?" पाणीसुद्धा न घेता निघून गेले. आम्ही दिलगिरी छापली नाही. छापूया, असं मीही म्हटलं नाही.

तेव्हा तुमचं डोकं फिरलेलं नाही. तुम्हाला जे टोचतंय ते खरंच आहे. फक्त त्याला तुम्ही दिलेलं नाव मला पटत नाही. मी तो मथळा लिहिला तेव्हा माझ्या घरात देव्हारा होता आणि पौर्णिमेचा उपास सुटायचा होता. त्या पानावर काम करणारे सगळेच बहुतेक हिंदू. हिंदूंच्या वाईटावर असलेलं त्यात कोण होतं? आमचं वाईट वेगळं होतं. आम्ही शहरात राहायचो आणि गावच्या देवाकडं बघायच्या दोनच पद्धती आम्हाला ठाऊक होत्या. एकतर रंगीत फोटो, नाहीतर अंधश्रद्धा. बगाड असो, यल्लमाची जत्रा असो, तुमचा नाग असो, तीच तऱ्हा. त्याच अंकात आतल्या पानावर रोज राशिभविष्य छापायचो आम्ही, कुंभेला आज धनलाभ वगैरे. ते मात्र वाचकसेवा!

आता वार्ताहराचं. तुम्ही एजंट आहात, तुम्हाला तालुक्याच्या वार्ताहराचं जिणं सांगायला नको. मानधन पेट्रोलला पुरत नाही, भागतं ते वाढदिवसाच्या नाहीतर जत्रेच्या पुरवणीच्या जाहिरातींवर. दुपारी तो मोबाईलवरून बातमी आणि चार फोटो धाडतो. ती जिल्हा कचेरीत कापली जाते. मुख्य आवृत्तीला हवी झाली तर पुण्या-मुंबईत कुणीतरी ती पुन्हा लिहितो, मथळा तिथं लागतो, फोटोही तिथंच बदलतो. रात्री अकराला ज्याच्यापुढं सहा पानं पडली आहेत तो कंप्युटरच्या जुन्या साठ्यात 'नाग' टाकून पहिला जो मोठा, स्पष्ट फोटो येईल तो लावून मोकळा होतो. या घोळात तुमच्या आळीतल्या पोराचा दोष बहुधा एवढाच, की त्याचं नाव वर आहे. उद्या सकाळी लाईन सुटली की त्याला चहाला बोलवा. विचारा, तू कुठले फोटो पाठवले होतेस? ते त्याच्या मोबाईलमध्ये अजून असतील, तारीख-वेळेसकट. तुमच्या तक्रारीचा सगळ्यात भक्कम पुरावा त्याच्या खिशात आहे, आणि तुम्ही त्याच्याशीच अबोला धरून बसलाय.

वहीकडं येते. वही केलीत हे मला फार आवडलं. शंभरातले नव्व्याण्णव नुसते चिडतात, तुम्ही निदान लिहून ठेवलंत. पण त्या वहीत काय उतरलंय बघा. जे टोचलं तेवढंच. जे टोचलं नाही ते डोळ्याखालून निघून गेलं. आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. पादुकांचं स्नान, लोणंदचा मुक्काम, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, तरडगाव, फलटण. पंढरपूर येईपर्यंत रोज पान, रोज फोटो, वारीत चालणारा खास बातमीदार. दुसऱ्या कुठल्या समाजाच्या यात्रेला मराठी पेपरात एवढी जागा मिळते? हे तुमच्या वहीत आहे का? नसणारच, कारण ते आपल्याला घरचं वाटतं. 'भक्तिमय वातावरणात', 'टाळ-मृदंगाच्या गजरात' हे शब्द आम्ही इतक्या वेळा छापलेत की की-बोर्डवरचे हात आपोआप तिकडं जायचे. आणखी एक, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे: ज्या देवस्थानाची जत्रेची पुरवणी निघते, त्याच्या हिशेबाची तक्रार त्या पेपरात सहसा एका कॉलमाच्या वर जात नाही. हाही पक्षपातच, पण तो कुणी वहीत लिहीत नाही.

मिरजेच्या एक मुस्लिम बाई माझ्या जुन्या वाचक. त्यांचीही अशीच वही होती, फक्त उलट्या बाजूनं भरलेली. आमच्या मुलाचं नाव गुन्ह्यात आलं की ठळक, स्पर्धा परीक्षेत आलं की तळाला, असं त्यांचं म्हणणं. मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं त्याची बातमी येते, पण त्यानंतर वर्षभर आम्ही कुठं असतो, असं विचारायच्या. त्यांच्या वहीत २०२० चं पान फार जाड होतं. करोनात तबलिगींवर पेपरांनी आणि चॅनेलांनी जे रान उठवलं, त्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ऑगस्ट २०२० मध्ये माध्यमांच्या प्रचारावर कडक शब्दांत बोट ठेवलं आणि तबलिगी जमातीला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. पुढच्याच वर्षी वाईजवळ बावधनला करोनाची बंदी असताना जत्रेचं बगाड निघालं. गुन्हे दाखल झाले, पेपरांनी गावाला झोडपलंही. पण बावधनकरांनी रोग पसरवायचा कट केला, असं माझ्या वाचनात कुठं आलं नाही. भाऊ, तुम्हाला खोटं पाडायला मी हे सांगत नाही. पेपर एकाच बाजूला कलतो असं म्हणायचं असेल तर दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघाव्या लागतात.

तुमच्याकडं तर सोय आहे. परतीचे गठ्ठे घरात पडलेले असतात. कुठलाही एक महिना घ्या, एकाच पेपरचं जिल्हा पान घ्या, आणि सणासुदीची, जत्रा-उरुसाची प्रत्येक बातमी लिहा. गोड, कडू, सगळी. किती कॉलम, फोटो आहे का, कुणाला विचारून लिहिलीय, गावातल्या माणसाचं एक तरी वाक्य आत आहे का. हा शेवटचा रकाना नीट भरा. माझा अंदाज आहे की तुमची खरी तक्रार तिथं सापडेल. शिराळ्याच्या त्या बातमीत प्राणिमित्रांचं म्हणणं असेल, वनखात्याचं असेल. शिराळकराचं होतं का?

डीजेच्या बातम्यांचा मात्र वहीतून निकाल लावा, ते धर्माचं भांडण नाही. आवाजाचे नियम २००० सालचे. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. सणासाठी सरकार वर्षातले काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देतं. हा नियम मांडवाला तसाच मशिदीला. कुर्ल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सरळ सांगितलं की लाऊडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. पेपर एकाचा भोंगा मोजतो आणि दुसऱ्याचा मोजत नाही, असं दिसलं तर तेवढी बातमी कापून ठेवा, ती तक्रार चालेल. नुसतं 'गणपतीवरच का' हे चालणार नाही. सांगलीत मिरवणुकीच्या रात्री छातीवर हात ठेवून खिडकी लावून घेणारे आजोबा आपल्यातलेच असतात, आणि फोन तेच करतात. पेपरच्या ऑफिसात तो फोन मी उचललेला आहे.

'दोन गटां'चं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर जरा लांब आहे. २००९ चा गणपती आठवतो ना? मिरजेत अफझलखान वधाच्या कमानीवरून पेटलं, संचारबंदी लागली, सांगली-इचलकरंजीपर्यंत झळ गेली, मूर्ती विसर्जनाविना थांबल्या. त्या दिवसांत आमच्या डेस्कवर भिंतीला कागद चिकटवलेला होता: जातीधर्माचं नाव नाही, प्रार्थनास्थळाचं नाव नाही, जखमींची नावं नाहीत. हा कुणाला पाठीशी घालायचा डाव नव्हता. छापील पेपरांवर नजर ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतच आहे की जातीय दंगलीची बातमी खात्री करून, संयमानं द्यावी, समाजांची नावं उघड करून भडका वाढवू नये. कारण साधं आहे. मिरजेत अमक्यांनी तमक्याला मारलं असं सकाळी छापलं, की दुपारी तासगावात त्या अमक्यातला, ज्याचा काही संबंध नाही असा माणूस मार खातो. पुसेसावळीत २०२३ च्या सप्टेंबरात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून काय झालं ते आपण पाहिलं. माणूस गेला, साताऱ्यात इंटरनेट बंद करावं लागलं. तिथं 'दोन गट' म्हणून थांबायला कुणी डेस्क नव्हता.

मात्र हा नियम पाळायचा तर दोन्हीकडं पाळायचा. आज 'दोन गट' आणि उद्या दुसऱ्या गावाला समाजाचं नाव मथळ्यात, असं एकाच पेपरनं केलं, तर तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. दोन्ही कात्रणं एका कागदावर चिकटवा. असल्या चिकटवलेल्या दोन कात्रणांना संपादक फार घाबरतो, मोर्चाला घाबरत नाही इतका.

शब्दावरून ओढाताण तर आपल्याकडं नित्याची. शेजारचं इस्लामपूर २०२५ साली सरकारनं ईश्वरपूर केलं. त्याआधी कित्येक वर्षं कुठला पेपर कुठलं नाव लिहितो यावरून तो 'आपला' की 'त्यांचा' हे लोक ठरवायचे. आणि आमचं कुणी छापत नाही, ही तक्रार तर मराठी पेपराइतकीच जुनी. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तेव्हा 'केसरी'नं त्याची पैसे देऊन जाहिरातसुद्धा घेतली नव्हती. साताऱ्याच्या शाळेत शिकलेला तो माणूस. त्यांनी 'केसरी'चे अंक जाळत बसण्यापेक्षा आपलं पाक्षिक चालवलं. तुम्हाला पेपर काढायला सांगत नाही, घाबरू नका. पण जत्रेआधी महिनाभर नागमंडळानं दोन पानांचं टिपण करून सगळ्या डेस्कना पाठवलं, रीत काय होती, कोर्टानं काय सांगितलं, आता काय करतो, आणि सोबत स्वतःचे चांगले फोटो दिले, तर रात्री अकराचा तो माणूस गारुड्याचा फोटो शोधायला जाणार नाही. आळशी माणसाला आयतं दिलेलं आवडतं.

पोलिसांत जायचं म्हणणाऱ्यांना थांबवा. भावना दुखावल्याचं जुनं २९५अ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय, आणि त्यात जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेलं कृत्य लागतं. आळसानं लावलेला चुकीचा फोटो त्यात बसवायला वकिलाला घाम फुटेल. शिवाय प्रकरण कोर्टात गेलं की प्रेस कौन्सिलचा रस्ता बंद होतो, कारण तिथं कोर्टात दावा चालू नाही असं लिहून द्यावं लागतं.

तो रस्ता असा. आधी संपादकाला पत्र, रजिस्टर पोस्टानं. मंडळाच्या लेटरहेडवर, 'हिंदूंची बदनामी' वगैरे एकही शब्द नको. एवढंच लिहा: "आपल्या अमुक तारखेच्या अंकात पान अमुकवर शिराळ्याच्या नागपंचमीच्या बातमीसोबत छापलेलं छायाचित्र शिराळ्यातलं नाही. शिराळ्यात गारुडी परंपरा नाही, नागाचं तोंड शिवण्याची प्रथा नाही. न्यायालयाच्या आदेशानंतर येथे नागप्रतिमेचं पूजन होतं. आपल्या वार्ताहरानं त्या दिवशी पाठवलेली छायाचित्रं सोबत आहेत. खुलासा त्याच पानावर छापावा." सही, फोन, संपलं. आणि प्रामाणिकपणे हेही घाला, की २०२५ साली केंद्रानं शैक्षणिक कारणासाठी काही नाग पकडायला परवानगी दिली होती, पूजेला किंवा मिरवणुकीला नाही. ते तुम्ही लपवलंत तर पेपर नेमकं तेवढंच धरून उत्तर देईल.

पंधरा दिवसांत उत्तर नाही, किंवा उडवाउडवीचं आलं, तर दिल्लीला प्रेस कौन्सिलकडं. दैनिकाच्या बाबतीत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार जावी लागते. बातमी श्रावणातली आहे, तेव्हा गणपती उठेपर्यंत बसून राहू नका. मूळ कात्रण, त्याचं इंग्रजी भाषांतर, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार जोडायचा. फी नाही, वकील लागत नाही. गावातल्या एखाद्या इंग्रजीच्या सरांना धरा.

आशा मात्र बेतानं ठेवा. कौन्सिल दंड करू शकत नाही, पेपर बंद करू शकत नाही. समज देते, ताकीद देते, ठपका ठेवते, इतकंच. तरी ती नुसती शोभेची नाही. १९९० साली अयोध्येतल्या गोळीबारानंतर उत्तर प्रदेशातल्या काही हिंदी दैनिकांनी मेलेल्यांचे आकडे फुगवून छापले, तेव्हा याच कौन्सिलनं त्यांच्यावर ठपका ठेवला होता. ते पेपर कारसेवकांच्या बाजूनं लिहीत होते, हे लक्षात ठेवा आणि मुलालाही सांगा. तिथं तुम्ही हिंदू म्हणून जिंकणार नाही की हरणार नाही. फोटो चुकीचा होता की नव्हता, एवढंच बघितलं जाईल. तुमच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे. चॅनेलबद्दल तक्रार असेल तर ती तिथं चालत नाही, कौन्सिल फक्त छापील पेपरची.

आता मूळ प्रश्न, पेपर बंद करू का. नाही. गिऱ्हाइकानं स्वतः येऊन सांगितलं, माझ्या घरी हा टाकू नका, तर दुसऱ्या दिवसापासून टाकू नका. तो त्याचा हक्क, आणि खप पडलेला दिसला की वितरणवाले संपादकाच्या केबिनमध्ये आपोआप जातात. बहिष्काराचा तो सरळ मार्ग आहे. पण ज्यानं सांगितलं नाही त्याचा अंक तुम्ही मधल्यामध्ये अडवायचा नाही. आज या मंडळासाठी एक अडवलात, की उद्या दुसरं मंडळ येईल, परवा साखर कारखान्याच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलची माणसं पहाटे साडेचारला स्टँडवर उभी राहतील, आणि कुठले गठ्ठे उतरवायचे ते तुम्हाला सांगतील. मंडळाच्या अध्यक्षाला हेच सांगा, मी सांगितलं म्हणून सांगा हवं तर. आणि वर म्हणा, पत्राचा खर्च मी करतो, सह्या तुम्ही आणा. जाळण्यापेक्षा सह्या गोळा करण्यात पोरांचा वेळ जास्त जातो, आणि प्रत्येक सहीला त्यांना 'फोटो चुकीचा होता' हे एकदा तोंडानं म्हणावं लागतं.

एक शेवटचं. पत्र टाकण्याआधी तो अंक पुन्हा काढा, सगळे जळाले नसतील तर, आणि फोटोचा उजवीकडचा खालचा कोपरा भिंगातून बघा. तिथं बारीक अक्षरात 'संग्रहित' लिहिलेलं नाही ना? असलं तर पत्रातलं पहिलं वाक्य बदलावं लागेल: छायाचित्र 'संग्रहित' म्हटलं आहे, पण कुठलं ते सांगितलेलं नाही. तो शब्द मीही खूपदा टाकलाय, वाचता येऊ नये इतक्या लहान टाइपात.

— तुमची ताई